झोळी, डोली आणि घाटाखालचा मुलूख

पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग आणि पश्चिमेस माथेरानचा डोंगर यांच्या आसपास, उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत पसरलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा इतिहास बहुधा बोरघाटाचा, गडकोटांचा आणि आगगाडीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आणि तो तसा सांगितला जाणे स्वाभाविकही आहे, कारण कोकणातून पुण्याकडे जाणारी मोठी वाट याच मुलखातून चढते. परंतु त्या वाटेच्या दोन्ही अंगांना, डोंगरांच्या सोंडांवर आणि माचांवर, जी वस्ती पिढ्यानपिढ्या नांदत आली, तिच्या जीवनात चाकाला फारसे स्थान नव्हते. तेथे ओझे वाहिले ते माणसाच्या खांद्याने, आणि माणूस वाहिला तोही खांद्यानेच, बांबूच्या दांड्याला बांधलेल्या कापडात. दोन टोके आवळून मध्ये सैल सोडलेल्या अशा कापडात येथे तान्हे मूल निजले आणि आजारी माणूस डोंगर उतरला. त्याच तत्त्वाचा साजशृंगार वाढून डोली आणि पालखी झाली तेव्हा तीतून सरदार आणि साहेब घाट चढले. आणि आता मुंबई-पुण्याची तरुण मंडळी शनिवार-रविवारी पेज आणि उल्हास या नद्यांच्या काठी दोन झाडांमध्ये नायलॉनचे हॅमॉक बांधून मुक्काम करू लागली आहेत. हलके आणि टिकाऊ हॅमॉक कोणते घ्यावे, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता बाजाराचा वाटतो. पण त्याची बहुतेक उत्तरे या मुलखाने फार पूर्वी, आणि मौजेहून कितीतरी कठोर गरजेपोटी, शोधून ठेवलेली आहेत, असे माझे मत आहे.

ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी या जमातींच्या वाड्या या दोन तालुक्यांत डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. त्यांच्या कुडाच्या घरांत कोरीव लाकडी पाळणा क्वचितच दिसावयाचा. मुलासाठी असे ती झोळी, आणि ती आईच्या किंवा आजीच्या जुन्या लुगड्याची. जुने कापड घेण्याचे कारण केवळ दारिद्र्य, असे समजणे चुकीचे होईल. पुष्कळ वेळा धुतलेले सुती कापड मऊ होते, त्याची खळ निघून गेलेली असते, ते घाम शोषते आणि वारा आत येऊ देते. शिवाय ज्या लुगड्याने अंगावर वर्षानुवर्षे ताण सोसला, ते मुलाच्या वजनाने फाटणार नाही, याची प्रचीती आधीच आलेली असते. लुगडे लांबीत दुहेरी घडी करून घ्यावयाचे, दोन्ही टोके चुण्या करून आवळावयाची, ती दोराने आढ्याला किंवा तुळईला बांधावयाची आणि तोंडाजवळ एक आडवी काठी घालावयाची, म्हणजे कापड मिटून मुलाच्या नाकातोंडावर येत नाही. यातले प्रत्येक कृत्य सप्रयोजन आहे. दुहेरी घडीने एका पदराला इजा झाली तरी दुसरा धरून ठेवतो. चुण्यांमुळे ताण कापडाच्या साऱ्या रुंदीवर वाटला जातो, एकाच काठावर येत नाही. आणि झोळी खोल सोडल्यामुळे मूल कुशीवर वळले तरी कडेवरून बाहेर पडत नाही.

ही झोळी घरापुरती मर्यादित नव्हती, हे तिच्या हलकेपणाचे खरे कारण. भातलावणीच्या दिवसांत ती बांधावरच्या झाडाला लागे, आणि लावणी करणाऱ्या बाया चिखलातून मान वर करून तिच्याकडे पाहू शकतील इतक्या अंतरावर लागे. कातकऱ्यांच्या बाबतीत तर ती प्रवासाचेच साधन होती. खैराच्या लाकडापासून काथ काढणे हा ज्यांचा मूळ धंदा, त्या या जमातीच्या हातून १८७८ च्या जंगल कायद्यानंतर आणि राखीव जंगलांच्या बंदोबस्तानंतर रान हळूहळू सुटत गेले. मग कोळशाच्या आणि पुढे विटांच्या भट्ट्यांवर दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे जाऊ लागली आणि पावसाच्या तोंडी परतू लागली. अशा स्थलांतरात डोक्यावरच्या गाठोड्यात मावेल तेवढाच संसार. त्यात पाळणा कोठून मावणार? लुगड्याची झोळी मात्र मावत असे. वाटेत ती पांघरूण होई, पाठीवर मूल बांधावयाचे वस्त्र होई, आणि भट्टीवर पोहोचल्यावर पुन्हा झोळी होई. एकाच वस्तूने तीन कामे करावीत, हा हलक्या सामानाचा नियम आजचे गिर्यारोहक मोठ्या अभ्यासाने सांगतात. कातकरी बाईला तो सांगावा लागत नव्हता.

कापडाइतकाच महत्त्वाचा दोर. घाटावर दोर वळण्याचा व्यवसाय परंपरेने मातंग समाजाकडे होता आणि बलुत्याच्या व्यवस्थेत त्याला जागा होती. डोंगरातल्या वाड्यांना मात्र आपला दोर पुष्कळदा आपणच वळावा लागे. मुरुडशेंगेच्या झुडुपाला कोकणात केवण म्हणतात; त्याच्या सालीचा वाख चिवट असतो, आणि घराच्या शाकारणीपासून भारे आवळण्यापर्यंत तो उपयोगी पडतो. नाचणी-वरीच्या शेतांच्या कडेला अंबाडी लावीत. तिच्या काड्या पाण्यात कुजवून, आपटून, धुऊन जो वाख निघतो त्याचा दोर हाताला मऊ पण ताणाला खंबीर असतो. आपट्याची साल आणि पळसाची मुळेही या कामी येत. किनाऱ्याकडून काथ्या येई. तो पाण्यात लवकर कुजत नाही, पण खरखरीत असल्याने कापडाशी घासून त्याला कापतो, म्हणून झोळीला तो थेट बांधणे इष्ट नाही. आणि कुंपणांना लावलेली घायपात, जिच्या पात्यांतून पांढरा शुभ्र लांब वाख निघतो, ती तर मूळची अमेरिकेची. त्या खंडातील युकातान प्रांतात याच कुळातील वनस्पतीच्या वाखाची लोंबती अंथरुणे विणली जात, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या बांधावरची ही काटेरी परदेशी वनस्पती आपल्या विषयाशी किती निकटची आहे ते कळते.

झोळीतून डोलीकडे जाणारे अंतर फारसे नाही. कापड तेच, फक्त आढ्याच्या जागी बांबूचा दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन माणसे. या मुलखातल्या वाटा कशा होत्या ते समजण्यास खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीचे उदाहरण पुरे आहे. १६६१ साली कारतलबखानाचे मोगली सैन्य शिवाजी महाराजांनी तेथे कोंडले, तेव्हा संख्या आणि सरंजाम हीच त्या सैन्याची अडचण झाली. त्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेवर जड सामान म्हणजे संकटच होते. अशा वाटेवर जून, भरीव बांबू आणि घोंगडी यांची डोली मात्र कोठूनही जाऊ शके. खांदा देणारे दोघे, पाळी बदलण्यास बरोबर आणखी चौघे-सहा, रात्र असली तर पुढे एक उजेडवाला. उतरताना रुग्णाचे पाय पुढे आणि डोके चढाच्या बाजूला, म्हणजे रक्त डोक्याकडे उतरत नाही. बांबू कोवळा असला तर वाकतो आणि पावलागणिक हिसका देतो; म्हणून तो निवडून तोडावा लागे.

पेशवाईत पालखी ही केवळ वाहतूक नव्हती, ती सरकारी मानाची बाब होती. पालखीचा मान ज्याला मिळे त्याला तिच्या खर्चासाठी नेमणूकही मिळे, आणि भोयांचा दरमहा सरकारी हिशेबात लागे. परंतु ज्या गावांतून सरकारी स्वारी जाई, त्या गावांना वेठीची माणसे पुरवावी लागत, आणि ही वेठबिगार कंपनी सरकारच्या अंमलातही एकाएकी नाहीशी झाली नाही. मानाच्या पालखीचा दांडा ज्याच्या खांद्यावर होता, त्याच्या घरचा आजारी माणूस घोंगडीच्या डोलीतच होता; या दोन गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय या विषयाचा इतिहास पुरा होत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बोरघाटाची वाट या वाहतुकीचे मोठे क्षेत्र. मुंबईहून होडीने पनवेलला यावयाचे, तेथून चौक, खालापूर करीत, नाना फडणविसांनी तळे आणि वीरेश्वराचे देवालय बांधलेल्या खोपोलीस पोहोचावयाचे आणि मग घाट चढावयाचा, असा पुण्याचा प्रवास होता. १८२५ साली बिशप हेबर या वाटेने गेला, तेव्हा घाटातील रस्ता रुंद असला तरी इतका चढणीचा होता की भरलेली गाडी किंवा पालखी मोठ्या कष्टानेच वर नेता येई. लोक पायी किंवा घोड्यावर जात आणि माल बैलांवरून जाई. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला आणि चाक प्रथमच या घाटात सुखाने फिरू लागले. तरीही खांद्याची गरज संपली नाही. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ पडले; पण मधला घाट रिकामा होता. त्यामुळे सुमारे पाच वर्षे असा विलक्षण प्रकार चालला की वाफेच्या गाडीने आलेला उतारू खोपोलीस उतरे, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हा वाफेच्या गाडीत बसे. १८६३ साली कर्जतवरून घाटाचा लोहमार्ग पुरा झाला आणि त्या वाटेवरच्या भोयांच्या उत्पन्नाचे साधन संपुष्टात आले. रेल्वेच्या इतिहासात हे वर्ष विजयाचे म्हणून नोंदलेले आहे आणि ते योग्यच आहे; पण खोपोलीच्या तळ्याकाठी उतारूची वाट पाहणाऱ्या त्या भोयांचे पुढे काय झाले, हे विचारणेही इतिहासाचेच काम आहे.

त्यांच्या धंद्याला दुसरी एक जागा तोवर उघडली होती. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक येथे तळ देऊन असताना समोरचा डोंगर चढून गेला, आणि त्या चढाईतून माथेरान हे थंड हवेचे ठिकाण निर्माण झाले. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि कुलाब्याचे रायगड असे नामकरण १९८१ साली झाले. नेरळपासून वर जाणारी मंडळी तट्टांवर आणि पालख्यांत बसून जात. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी सुरू झाली, आणि नेरळच्या चढावरचीही पालखी मागे पडली. तथापि माथ्यावर मोटारीस मनाई असल्यामुळे तेथे माणसाने ओढावयाची हातरिक्षा राहिली, ती थेट आपल्या काळापर्यंत.

हॅमॉकचा जागतिक इतिहास येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तेथील लोक सुती जाळ्यांच्या लोंबत्या अंथरुणांत निजलेले त्याने पाहिले. युरोपातील खलाशांनी ती लगेच उचलली, कारण डोलत्या जहाजात फळीवरून माणूस घरंगळतो आणि लोंबते अंथरूण जहाजाबरोबर आपला तोल सांभाळते. १५९७ साली इंग्लंडच्या आरमाराने ते अधिकृतपणे स्वीकारले, आणि पुढे एका खलाशाला ते टांगण्यास चौदा इंच रुंदीची जागा मिळू लागली. जाड किंतानी कापडाचे ते अंथरूण पाठीवर घेऊन डोंगर चढणे कठीणच. १९३८ साली ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच्या हवाई छत्र्या झाल्या. त्याच युद्धात अमेरिकन लष्कराने जंगलात लढणाऱ्या शिपायांसाठी मच्छरदाणी आणि छत जोडलेले हॅमॉक काढले. आज दुकानात मिळणारे घडीचे हॅमॉक याच वंशातील आहे.

आता निवडीकडे वळू. एका माणसाचे नायलॉनचे चांगले हॅमॉक अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरते आणि मुठीहून थोड्या मोठ्या पिशवीत मावते. याहून जड घेण्याचे कारण नाही, आणि याहून फार हलके घेतल्यास कापड पातळ होऊन काट्याला आणि घासणीला टिकत नाही. लांबी माणसाच्या उंचीपेक्षा बरीच अधिक, सुमारे तीन मीटर असावी. आखूड हॅमॉकात पाठ धनुष्यासारखी वाकते. पुरेशी लांबी-रुंदी असली म्हणजे त्यात थोडे तिरपे निजता येते आणि पाठ सपाट राहते. अमेरिकेतील मूळचे लोक असेच निजत आले आहेत. चौकडीच्या विणीचे कापड असल्यास एका जागी पडलेली चीर पुढे पसरत नाही. परंतु कापडापेक्षाही अधिक चुका होतात त्या बांधण्यात. नवखा माणूस हॅमॉक तंबूसारखे ताठ ओढतो, आणि ताठपणाने ते मजबूत होते असे समजतो. गणित याच्या नेमके उलट आहे. साठ किलोचा माणूस निजला असता दोर आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येक टोकावर साधारण साठ किलोचाच ताण येतो; तोच कोन दहा अंशांवर आणला तर ताण पावणेदोनशे किलोंच्या जवळ जातो. लुगड्याची झोळी खोल सोडणाऱ्या बाईने हे कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते; पण तिची झोळी तुटत नव्हती, याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. झाडाला बारीक दोरी बांधली तर ती सालीत रुतते; सालीखालूनच झाडाचे अन्न वाहत असल्यामुळे ही जखम वरवरची नसते. म्हणून किमान इंचभर रुंदीचे, शक्य तर त्याहून रुंद, पॉलिएस्टरचे पट्टे घ्यावेत. नायलॉनचे पट्टे ओले झाले की ताणतात आणि त्यांचे बळही काहीसे कमी होते. रात्री कमरेइतक्या उंचीवर निजलेला माणूस पहाटे जमिनीला टेकतो. आपल्याकडे दवाने आणि पावसाने सारेच ओले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. कडक उन्हात नायलॉन महिनोन्महिने टांगून ठेवले तर त्याचा धागा कुजतो, म्हणून फार्महाऊसच्या अंगणात कायमचे लावण्यास जाड सुती विणीचे हॅमॉकच बरे. झाड निवडताना आंबा, जांभूळ, ऐन यांसारखे जिवंत, जून खोड पाहावे. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, पांगारा आणि काटेसावर काटेरी, आणि वाळलेले झाड कितीही जाड दिसले तरी वर्ज्य. आंब्यावर तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी आहेत का, तेही वर पाहून घ्यावे. हॅमॉक खुर्चीच्या उंचीपेक्षा वर बांधू नये. हिवाळ्यात खालून वारा लागतो आणि पाठीखाली दबलेली रजई ऊब देत नाही. त्यासाठी घोंगडीची घडी किंवा फोमची चटई लागतेच. पावसाळ्यात कड्याखाली आणि ओढ्याच्या पात्रात मुक्काम करूच नये.

पावसाळ्याचा उल्लेख निघाला की या तालुक्यांत आता इर्शाळवाडीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पायथ्याची ही ठाकूर वाडी दरडीखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे सापडली नाहीत आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर चढू शकली नाहीत, आणि पायवाटेने वर गेलेल्या माणसांनी पावसात फावड्यांनी माती उपसली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तेथून काही किलोमीटरवर आहे. अशाच पायवाटेच्या आणखी वाड्या या दोन तालुक्यांत आहेत, आणि तेथून गरोदर बाई, सर्पदंश झालेला मुलगा, छातीत दुखणारा म्हातारा कर्जतच्या किंवा कशेळ्याच्या रुग्णालयाकडे निघतो तो आजही बांबूला बांधलेल्या चादरीतून. १८६३ साली बोरघाटातली आणि १९०७ साली नेरळच्या चढावरची पालखी गेली, कारण त्या पालख्यांत बसणारे लोक रेल्वे मागू शकत होते. डोलीत निजणाऱ्यांचे मागणे कोणाच्या कानी गेले नाही.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानची हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. डोंगरमाथ्यावरील प्रवाशाच्या सोयीसाठी माणूस जुंपणे जर अप्रतिष्ठेचे असेल, तर डोंगरउतारावरील रुग्णाला माणसाच्या खांद्याखेरीज दुसरे वाहनच नसणे हे त्याहून गंभीर आहे. वनजमीन आडवी येते, हे कारण नेहमी सांगण्यात येते. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात रस्त्यासह तेरा सार्वजनिक सोयींसाठी, दर प्रकरणी एक हेक्टरहून कमी वनजमीन आणि हेक्टरी पंचाहत्तरपर्यंत झाडे, ग्रामसभेच्या शिफारशीने वळती करण्याची तरतूद आहे. तेव्हा या रानात हॅमॉक बांधावयास येणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे: वाडीत पाणी मागावयास जाल तेव्हा त्यांच्या ग्रामसभेने असा ठराव केला आहे का, तो कोठे अडला आहे, हे विचारून घ्या, आणि अडला असेल तर अलिबागच्या जिल्हा परिषदेला आणि वनखात्याला आपल्या नावाने एक अर्ज लिहा.